‘नरक्या’ आणि एक क्रियापद

वैज्ञानिक गद्याच्या तासाला मी उज्जैनच्या विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर एक वाक्य लिहितो : ‘नरक्याने कर्करोग बरा होतो.’ व्याकरणात निर्दोष, अर्थात घातक.

सह्याद्रीतल्या या उग्र वासाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. एका चिनी वृक्षातून ते वेगळे करून १९६६ साली त्याची रचना मांडली, ती मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांच्या गटाने. मूळ द्रव्य रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा ते फार विषारी ठरले. रेणूची रचना बदलल्यावरच त्यातून औषधे मिळाली. त्याच कुळातला एक रेणू आज प्रतिपिंडाला जोडून, शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या काही प्रकारांत देतात.

म्हणजे झाड, अर्क, रेणू आणि औषध हे शब्द समानार्थी नव्हेत.

क्रियापदही तपासावे. परीक्षानळीत पेशी ‘मरतात’, उंदरातली गाठ ‘आक्रसते’, रुग्णाचे आयुष्य ‘वाढते’; ही तीन वेगळी विधाने आहेत. ‘बरा होतो’ हे चौथे, आणि त्याला सर्वांत मोठा पुरावा लागतो. तो नसताना ते छापले, तर एखादी बाई उपचार सोडून काढा घेत बसते आणि रोग हाडांत, यकृतात पोचतो. तिकडे आधीच बेसुमार तोडलेल्या नरक्यावर पुन्हा कुऱ्हाड पडते.

विद्यार्थी वाक्य सुधारतात : ‘नरक्यातही आढळणाऱ्या एका द्रव्यात बदल करून केलेली औषधे काही कर्करोगांवर डॉक्टर देतात.’

वाक्य लांबले. लांबू द्यावे.