आधी कोणती प्रणाली उभी करायची?

चि. मृणाल हिस,


विद्यापीठाच्या संगणक केंद्रात रुजू होताच तुझ्याकडे सगळ्या प्रशासकीय प्रणालींची वर्गवारी करण्याचे काम आले, हे बरे झाले. वरवर पाहता ते कारकुनी आहे. यादी करायची, प्रत्येकीपुढे ‘अतिमहत्त्वाची’, ‘महत्त्वाची’ किंवा ‘साधारण’ असा शेरा मारायचा आणि फाईल वर पाठवायची. पण सर्व्हर रूम ठप्प होईल त्या दिवशी आधी काय उभे करायचे आणि कोणाला थांबायला सांगायचे, हे याच कागदावरून ठरणार आहे. तो कागद नसेल तर ज्याचा आवाज मोठा, त्याचे काम आधी होते. म्हणून माझे सांगणे एकच. प्रणाली किती महाग आहे, कोणत्या साहेबांच्या अखत्यारीत आहे, हे पाहू नकोस. ती बंद पडली तर किती वेळात, कोणाचे, भरून न येणारे नुकसान होते, तेवढेच पाहा.

या कसोटीवर पगाराची आणि निकालाची प्रणाली शेजारी शेजारी ठेवून बघ. पगार अडकला की दुपारपर्यंत सगळे कर्मचारी फोन करतात, त्यामुळे ती प्रणाली सर्वांत नाजूक वाटते. तरीही मागच्या महिन्याचे आकडे बँकेला देऊन पगार भागवता येतो आणि फरक पुढच्या महिन्यात वळता करता येतो. निकालाचे तसे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. त्या १७ लाखांच्या आसपास होत्या. निकाल महिनोन्‌महिने लांबले, पुढच्या प्रवेशांच्या मुदती डोक्यावर असताना मुलांच्या हाती गुणपत्रिका नव्हत्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. तपासणी कंत्राटदाराच्या यंत्रणेवर चालली होती, तरी जाब विद्यापीठालाच द्यावा लागला. तेव्हा ‘ते बाहेरच्या कंपनीकडे आहे’ म्हणून कोणतीही प्रणाली तुझ्या यादीतून गळू देऊ नकोस.

यावर कोणी म्हणेल, निकालाची प्रणाली वर्षातून चार महिनेच गजबजते, तिला बारा महिने पहिल्या वर्गात कशाला ठेवायचे? आक्षेपात तथ्य आहे. पण राखीव सर्व्हर आणि बॅकअपची सोय निकालाच्या आठवड्यात उभी करता येत नाही, म्हणून वर्ग ठरवताना तिचे सर्वांत गर्दीचे दिवसच धरावेत. मनुष्यबळ मात्र शैक्षणिक वेळापत्रक पाहून लावावे. परीक्षेच्या काळात रात्रपाळी ठेवावी आणि त्या प्रणालीत कोणताही बदल करू नये. दुसरे असे, की बंद पडणे हा नुकसानीचा एकच प्रकार झाला. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००४ साली काढलेल्या फिप्स १९९ या मानकात गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता यांचा विचार वेगवेगळा करायला सांगितला आहे. तूही प्रत्येक प्रणालीपुढे तीन रकाने ठेव. ऑगस्टमध्ये गुणांचा डेटाबेस दोन दिवस बंद राहिला तर फारसे बिघडत नाही, पण त्यात कोणी गुपचूप एक आकडा बदलला तर पदवीवरचा विश्वासच उडतो. उलट विद्यापीठाच्या जाहीर सूचनांत लपवण्यासारखे काही नसते, पण प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी त्या दिसल्या नाहीत तर गोंधळ उडतो.

खरी अडचण पुढेच आहे. प्रत्येक विभाग ‘आमचीच प्रणाली सर्वांत महत्त्वाची’ म्हणणार, आणि त्यांचेही चूक नाही, कारण त्यांच्यापुरती ती तशीच असते. म्हणून ‘किती महत्त्वाची?’ हा प्रश्नच विचारू नकोस. ‘बंद पडली तर पहिल्या दिवशी काम कसे चालवाल? तिसऱ्या दिवशी? कोणती नोंद वहीत ठेवाल? किती तासांची माहिती पुन्हा भरायची तयारी आहे?’ असे विचार. पात्रता विभागाचे अर्ज आठवडाभर कागदावर घेता येतात, हे त्यांच्याच तोंडून निघेल. सोबत हेही सांग, की पहिल्या वर्गातल्या प्रत्येक प्रणालीला चोवीस तास माणूस आणि वेगळा सर्व्हर लागतो व त्याचा खर्च विभागाच्या अंदाजपत्रकात दाखवावा लागेल. यादी आपोआप आटोपशीर होईल. सगळेच पहिल्या वर्गात बसवले तर वर्गवारी केली काय आणि न केली काय, सारखेच.

उत्तरे आली की प्रत्येक प्रणाली कशाच्या आधारावर उभी आहे, ते शोध. लॉगिन, डीएनएस, ओटीपीचे एसएमएस यांची मागणी कोणताच विभाग करत नाही, पण ती अडली तर निकाल सुरू असूनही कोणाला उघडता येत नाही. वरच्या प्रणालीचा जो वर्ग, तोच तिच्या आधाराचा. बॅकअपही त्यातच आला. डिसेंबर २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट विद्यापीठावर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. काही महत्त्वाच्या प्रणालींचे बॅकअप त्याच नेटवर्कवर होते, तेही कुलूपबंद झाले आणि विद्यापीठाला ३० बिटकॉइन मोजावे लागले. पहिल्या वर्गातल्या प्रणालींचा एक बॅकअप नेटवर्कपासून तोडून ठेव आणि दर सहा महिन्यांनी तो खरोखर रिस्टोअर करून बघ. कागदावर चार तास लिहिलेले काम प्रत्यक्षात दोन दिवस घेते, हे अशा चाचणीतच कळते.

शेवटी, हा निर्णय एकट्या संगणक केंद्राचा नव्हे. नुकसान कोणाचे आधी टाळायचे, हा प्रश्न प्रशासनाचा आहे. म्हणून यादीवर कुलसचिव आणि परीक्षा नियंत्रक दोघांच्या सह्या घे, आणि दर वर्षी नवे शैक्षणिक वेळापत्रक लागले की ती पुन्हा त्यांच्यापुढे ठेव. अडचणीच्या दिवशी एखाद्या विभागाला ‘तुमचे उद्या’ म्हणण्याचा अधिकार तुला त्या सह्यांमुळेच मिळेल.

तुझी,
सुमनआत्या