सामानाला हात लागण्याआधी

क्रूझच्या तिकिटात खोली येते, जेवण येतं, रात्रीचे कार्यक्रम येतात. टॅक्सीच्या डिकीपासून जहाजाची माणसं सामान जिथे घेतात तिथपर्यंतचा शे-दीडशे पावलांचा तुकडा मात्र कुठल्याच पॅकेजमध्ये धरलेला नसतो, आणि वादावादी होते ती नेमकी तिथेच. 2018 साली ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावू लागली तेव्हापासून आमच्या रत्नागिरीत क्रूझचं नाव घरोघरी झालं. आईवडिलांची पंचाहत्तरी, लग्नाचा वाढदिवस, मुलांची सुट्टी, काही ना काही निमित्ताने माणसं मुंबईला जाऊन जहाज धरतात. परत आल्यावर डेकवरचे फोटो दाखवतात. धक्क्यावर काय झालं ते सहसा कोणी सांगत नाही. ते मी सांगते.

आम्ही पाच जण होतो. मी, आमचे हे, सासूबाई, नणंद आणि तिचे यजमान. कोकणकन्येने सकाळी मुंबईत उतरलो. जहाजावर दुपारनंतर घेणार होते, म्हणून सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवलं. तिथे दर लिहिलेला, पावती हातात, कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक. कटकट काहीच नाही. दुपारी दोन टॅक्स्या केल्या आणि बंदराच्या फाटकाशी गेलो. टॅक्सी थांबते न थांबते तोच दोन पोरं पुढे आली, डिकी उघडली आणि आमच्या सात बॅगा हातगाडीवर चढल्यासुद्धा. निळे शर्ट, गळ्यात कसलीशी दोरी. सासूबाईंना वाटलं जहाजाचीच माणसं. नणंदेला वाटलं यांनी ठरवलं असेल, यांना वाटलं नणंदेच्या यजमानांनी ठरवलं असेल.

तपासणीच्या दारापाशी गाडी थांबली. “नगाला तीनशे. सात नग, एकवीसशे झाले.”

“कोणी ठरवले?” यांनी विचारलं.

“ठरवायचं काय त्यात, साहेब? इथला रेट आहे.”

मागे रांग वाढत चाललेली, ऊन मी म्हणत होतं आणि गाडीचा दांडा त्या पोराच्या मुठीत. दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारलं तर तो म्हणाला, “ही माणसं बाहेरची आहेत, आमचा संबंध नाही.” शेवटी नऊशेवर मिटलं. दाराच्या आत पाऊल टाकलं तर तिथे गणवेशातली, ओळखपत्र लावलेली माणसं उभी होती. त्यांनी बॅगांवरचे टॅग पाहिले, सामान ठेवून घेतलं आणि एक पैसा मागितला नाही. फाटकापासून ते दार कितीसं लांब होतं? चाकांच्या बॅगा आम्ही ओढत नेल्या असत्या तरी चाललं असतं.

सासूबाई बोटीच्या जमान्यातल्या. रेल्वे आमच्याकडे आली नव्वदच्या दशकात, त्याआधी एस.टी. आणि त्याही आधी आगबोट. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे. बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्याला यायच्या. पावसाळ्यात बोट बंद. एका प्रवासात सामान चार-पाच हातांतून जायचं: घरचा गडी, बंदरावरचा हमाल, पडाववाला, बोटीवरचा खलाशी आणि मुंबईला पुन्हा भाऊच्या धक्क्यावरचा हमाल. हे सगळं सांभाळायची त्यांची रीत ठरलेली होती. नग मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे आणि भाव आधी. त्या दिवशी रांगेत उभ्या उभ्या त्या एवढंच म्हणाल्या, “सामानाला हात लावला की भाव चढतो. बोलायचं ते त्याच्याआधी.”

यापुढे जे लिहिते आहे, त्याचा गाभा त्यांच्या या वाक्यात आला आहे.

हमाली वेगळी, बक्षिसी वेगळी

हमाली म्हणजे मजुरी. ती काम सुरू होण्याआधी ठरते, आणि ठरली की काम झाल्यावर पूर्ण द्यावी लागते. माणूस गोड बोलला की तिरसट, याचा तिच्याशी संबंध नाही. बक्षिसी ही आपल्या खुशीची. ती शेवटी, जमेल तेवढी, आणि नाही दिली तरी कोणी अडवू शकत नाही. बहुतेक भांडणं या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे होतात. “द्या खुशीने काय ते,” असं म्हणणारा माणूस मजुरीचा भाव बोलायचं टाळत असतो, आणि “बघू, देऊ काहीतरी,” असं म्हणणारे आपणही तेच करत असतो. शेवटी त्याची खुशी आणि आपली खुशी जुळत नाही.

ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. किती नग, कुठपर्यंत, एकूण किती रुपये. “नगाला अमुक” एवढ्यावर थांबू नये, कारण मग खांद्यावरची पर्सही नगात धरली जाते. आणि “आतपर्यंत” म्हणजे कुठपर्यंत? फाटकापर्यंत, तपासणीच्या दारापर्यंत की सामान घेणाऱ्या टेबलापर्यंत? बाहेरच्या माणसाला आत सोडतच नसतील, तर त्याचं “आतपर्यंत” अर्ध्या वाटेवर संपतं.

दर ठरलेला असावा ही मागणी प्रवाशांइतकीच हमालांचीही आहे, हे विसरू नये. डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला, तो अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली. कष्टाचं मोल मालकाच्या लहरीवर न राहता ठरलेलं असावं, हे त्या लढ्यांचं एक मोठं मागणं होतं. तेव्हा भाव आधी बोलणं हा घासाघिशीचा प्रकार नाही. बिल्लेवाला हमाल भाव विचारल्यावर रागावत नाही. रागावतो तो बहुतेक वेळा बिनबिल्ल्याचा.

रेल्वे स्टेशनवर हे सोपं आहे. परवानाधारक हमालाचा लाल पेहराव असतो, दंडावर क्रमांकाचा बिल्ला असतो, दर रेल्वेने ठरवलेले असतात आणि ते साधारण चाळीस किलोपर्यंतच्या डोईवरच्या ओझ्याचे असतात. आपण मात्र तीन बॅगा, दोन पिशव्या आणि वर आंब्याची पेटी एकाच माणसावर चढवतो आणि फलकावरच्या आकड्यावर बोट ठेवतो. हे बरोबर नाही. ओझं जास्त असेल तर दोन माणसं करावीत. बिल्ल्याचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. गर्दीत माणूस पुढे गेला तर तोच आधार असतो.

फाटकाबाहेर आणि फाटकाच्या आत

टॅक्सीतून उतरण्याआधी काच वर ठेवून घरातल्यांनी आपसांत एकच ठरवावं: बोलणार कोण. आमच्या बाबतीत प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने ठरवलं, आणि त्या पोरांना तेवढंच पुरलं. एकाने बोलावं, एकाने नग मोजावेत, तिसऱ्याने म्हाताऱ्या माणसांजवळ उभं राहावं. कोणी न विचारता डिकी उघडली तर मोठ्याने पण सभ्य शब्दांत सांगावं, “दादा, थांबा. आम्ही नेतो.” हातगाडीवर चढलेलं सामान उतरवून घेणं जड जातं, डिकीतलं राहू देणं सोपं.

दोन-तीन रात्रींची सफर असेल तर चाकांची एकेक लहान बॅग पुरते. ती स्वतः ओढत न्यावी आणि स्वतःच उतरवून आणावी. मग हमालही नको आणि वाट पाहणंही नको. ज्येष्ठ मंडळी असतील तर चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच कंपनीला कळवून ठेवावी. ऐनवेळी दारात मागितली तर ती मिळेपर्यंत ताटकळावं लागतं, आणि अशा वेळी बाहेरचा कोणीतरी “मी सोडतो आजींना” म्हणत पुढे येतोच.

सुरक्षारक्षक, कस्टम आणि इमिग्रेशनची माणसं यांच्यापुढे पैसे कधीही धरू नयेत. ती बक्षिसी होत नाही, ती लाच होते.

एकदा बॅग हातातून गेली की

जहाजावर मोठं सामान दारात घेतात आणि खोलीच्या बाहेर आणून ठेवतात. मधे काही तास जातात, कधी रात्रही होते. म्हणून औषधं, चष्मा, ओळखपत्र, पैसे, दागिने, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. आमच्या शेजारच्या खोलीतल्या आजोबांचं इन्सुलिन मोठ्या बॅगेत होतं आणि त्याच बॅगेत सूनबाईंनी इस्त्री टाकलेली. इस्त्री जहाजावर चालत नाही. बॅग सुरक्षा विभागात अडकली, आजोबा जेवणाच्या वेळेला खोलीत बसून. शेवटी जहाजावरच्या डॉक्टरांपर्यंत जावं लागलं. विजेची किटली, मेणबत्ती, कापूर, उदबत्ती, सुरी, विळी, दारूची बाटली, यांतलं काहीही निघालं तरी बॅग अशीच मागे राहते. देवाला दिवा दाखवायची सवय असलेल्यांनी चार दिवस मनोमन हात जोडावेत.

कंपनीने पाठवलेले टॅग घरीच छापून, त्यावर चिकटपट्टी लावून पट्ट्याला पक्के करावेत. जुने विमानाचे टॅग काढून टाकावेत. काळ्या बॅगा सगळ्यांच्याच असतात. आपल्या बॅगेला एखादी रंगीत चिंधी बांधली तर उतरताना शोधाशोध वाचते. सामान देण्याआधी सगळ्या नगांचा एकत्र फोटो काढावा. पूर्वी जी मोजदाद तोंडी व्हायची ती आता मोबाइलवर होते, एवढाच फरक.

उतरायच्या आदल्या रात्री बॅगा ठरलेल्या वेळेआधी खोलीबाहेर ठेवायच्या असतात. त्या धक्क्यावरच्या दालनात रंगांनुसार किंवा क्रमांकांनुसार मांडलेल्या मिळतात. तिथून टॅक्सीपर्यंत पुन्हा तोच तुकडा, पुन्हा तीच माणसं. थकलेला प्रवासी जाताना जितका सावध असतो तितका येताना नसतो, आणि गाडीची वेळ डोक्यात असल्यामुळे तो लवकर हार मानतो. म्हणून उतरतानाचा भावही शांतपणे आधीच बोलून घ्यावा.

बक्षिसी किती आणि कुठे

आमच्या शेजारचा मुलगा परदेशी क्रूझवर खोल्या सांभाळतो. त्याच्याकडून कळलेलं असं. बऱ्याच जहाजांवर माणशी, दररोज अशी सेवाशुल्काची रक्कम बिलात आपोआप धरली जाते आणि ती खोली, जेवणघर अशा विभागांतल्या कर्मचाऱ्यांत वाटली जाते. तिकीट काढतानाच विचारावं की ही रक्कम आत आहे की वेगळी. आत असेल तर पुन्हा सगळ्यांना वाटत सुटायची गरज नाही; कोणी विशेष केलं असेल, त्याच्या हातात वेगळं द्यावं. धक्क्यावरचा हमाल मात्र जहाजाचा नोकर नसतो, तो बंदराचा कामगार असतो. जहाजावरच्या शुल्कातलं काही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

अमेरिकेत मुलाकडे जाऊन तिथून क्रूझ घेणारी मंडळी आपल्याकडे आता कमी नाहीत. तिथल्या बंदरांवर हमालाला बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यायची रीत आहे, म्हणून सुटे डॉलर खिशात असावेत. जपानमध्ये अशी रीत नाही आणि सिंगापुरातही कोणी तशी अपेक्षा धरत नाही. देश बदलला की आधी चौकशी करावी.

मुंबईत माझा हिशेब साधा आहे. ठरलेली हमाली पूर्ण, आणि माणसाने सामान जपून नेलं, आईंना हात दिला, तर वर पन्नास-शंभर. पाचशेची नोट दाखवून सुटे मागू नयेत. दहा, वीस, पन्नासच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. मोबाइलवरून पैसे पाठवायचे असतील तर कोडवर येणारं नाव त्याला वाचून दाखवावं आणि मगच बटण दाबावं. कोणी अडवलंच तर दांडगाई न करता बंदराच्या कर्मचाऱ्याला बोलवावं आणि गाडीच्या दांड्यापेक्षा बॅगेच्या पट्ट्यावर हात ठेवावा.

आणि उलट बाजूही सांगते. परतीच्या वेळी स्टेशनवर एका बिल्लेवाल्या हमालाने आमचं सगळं सामान जिन्यावरून वर नेलं, ठरलेले पैसे घेतले आणि नणंदेची राहिलेली छत्री द्यायला डब्यापर्यंत पळत आला. अशा माणसाला वरचे पैसे देताना कोणाचा हात आखडत नाही. एका ठिकाणी फसलो म्हणून पुढच्या प्रत्येक हमालाकडे चोर म्हणून पाहणं हाही अन्यायच.

आमच्या भगवती बंदरात क्रूझ टर्मिनल उभारायला राज्य सरकारने मंजुरी दिलेली आहे. ते होईल तेव्हा इमारत देखणी व्हावीच, पण त्याबरोबर फाटकाबाहेर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत दरफलक लागावा, इथल्याच पोरांना बिल्ले आणि गणवेश मिळावेत, तक्रार कुठे करायची तो क्रमांक ठळक लिहिलेला असावा. नगरपरिषद, मेरिटाइम बोर्ड आणि आमदार-खासदारांकडे रत्नागिरीकरांनी ही मागणी पहिला दगड बसण्याआधीच करावी. पहिलं जहाज लागल्यावर भाव ठरवायला बसलो तर तो आपण ठरवलेला नसेल.