जुन्या कापडाची परीक्षा आणि दुरुस्ती

कपडा फाटला की घरात बहुधा दोन मते पडतात. एक मत असे की, अजून पुष्कळ चालेल, दोन टाके घातले म्हणजे झाले. दुसरे असे की, आता टाकून द्यावा. दोन्ही मते डोळ्यांना दिसणाऱ्या भोकाकडे पाहून बनलेली असतात. वास्तविक भोक किती मोठे आहे यापेक्षा त्याच्या भोवतालचे कापड किती धड आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. टाक्याला आधार मिळतो तो भोवतालच्या कापडाचा. तो आधारच खचला असेल, तर उत्तम रफूही एका धुण्यात सुटून येते.

हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. आपल्याकडे अनेक प्रांतांत तान्ह्या मुलासाठी जुन्या लुगड्याची किंवा साडीची झोळी बांधण्याची चाल आहे. जुने कापड मऊ असते म्हणून ते निवडले जाते. परंतु मऊपणा हे मजबुतीचे लक्षण नव्हे. पुष्कळदा तो झिजेचाच परिणाम असतो. म्हणून जुन्या कापडाची परीक्षा कशी करावी, हे प्रत्येक घरात माहीत असणे अवश्य आहे.

१. कापड कशाच्या बळावर टिकते?

सुती कापडातील एक धागा उलगडून पाहिला, तर तो अनेक बारीक तंतूंचा बनलेला दिसतो. कापसाचा एक तंतू सामान्यतः दोन ते तीन सेंटिमीटर लांबीचा असतो. असे आखूड तंतू एकापुढे एक ठेवून त्यांना पीळ दिला की ते एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणामुळे निसटत नाहीत. हेच सूत. पुढे उभ्या व आडव्या धाग्यांची वीण घातली जाऊन कापड तयार होते, आणि कापडाचे तुकडे शिवणीने जोडले म्हणजे कपडा होतो.

या रचनेवरून फाटण्याचे तीन प्रकार सहज ध्यानात येतात. शिवण उसवते, तेव्हा फक्त जोडणारा दोरा तुटलेला असतो. कापड शाबूत असते. खिळ्याला अडकून खोंब लागते, तेव्हा काही धागे तुटतात, पण शेजारचे धागे पूर्वीइतकेच बळकट असतात. हे दोन्ही प्रकार अपघाताचे होत; त्यांची दुरुस्ती केव्हाही फायद्याची ठरते. तिसरा प्रकार विरण्याचा. यात तंतूच झिजलेले किंवा दुबळे झालेले असतात. भोक एकच दिसत असले, तरी त्याच्या भोवतालचा सारा भाग फाटण्याच्या बेतात असतो.

२. कापड का विरते?

कोपर, गुडघा, बैठकीचा भाग आणि कॉलरची घडी येथे कापड सतत घासले जाते. धुताना आपटण्याने व चोळण्यानेही काही तंतू तुटून पाण्याबरोबर निघून जातात. ही झीज डोळ्यांना दिसते. दुसरी झीज दिसत नाही. कापसाचा तंतू सेल्युलोज या पदार्थाचा बनलेला असतो. त्याचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या हजारो घटकांची लांब साखळी होय. तीव्र ऊन, आम्ले आणि विरंजक चूर्ण, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, यांमुळे ही साखळी ठिकठिकाणी तुटते. साखळ्या आखूड झाल्या की तंतूचे बळ घटते. कापड मात्र वरून पांढरेशुभ्र व अखंड दिसत राहते.

सर्व तंतूंची प्रकृती सारखी नसते. कापसाचा तंतू ओला असता कोरड्यापेक्षा अधिक बळकट होतो. म्हणूनच सुती धोतर धोब्याच्या दगडावरही तग धरते. उलट साधा व्हिस्कोस रेयॉन ओला झाला म्हणजे त्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. तो पिळू नये. रेशीम व नायलॉन यांना ऊन विशेष बाधते. लोकरीला कसरीचे भय असते.

३. परीक्षा

पहिली परीक्षा उजेडाची. कापड खिडकीसमोर धरावे. धड भागात वीण सारखी दिसते. विरलेल्या भागातून प्रकाश अधिक येतो. दुसरी परीक्षा अंगठ्यांची. भोकापासून दोन बोटे अंतरावर दोन्ही हातांनी कापड पकडून, अंगठे एकमेकांजवळ ठेवून, ते आधी उभ्या व मग आडव्या दिशेने हळूहळू ताणावे. बारीक करकर ऐकू आली किंवा धागे विलग झाले, तर तेथे टाका धरणार नाही असे समजावे.

तिसरी परीक्षा मोजमापाची असून ती शाळेत प्रयोग म्हणून करण्याजोगी आहे. टाकून द्यावयाची एक जुनी सुती चादर घ्यावी. तिच्या टोकाची दुमड उसवून आतल्या बाजूचे दहा आडवे धागे काढावेत. दुमडीत दडलेले असल्यामुळे त्यांना ऊन व घर्षण कमी लागलेले असते. चादरीच्या मधल्या, विरलेल्या भागातूनही दहा आडवे धागे काढावेत. प्रत्येक धाग्याची लटकती लांबी सारखी, समजा १० सेंटिमीटर, ठेवावी. कारण धागा जितका लांब, तितकी त्यात एखादी कमजोर जागा असण्याची शक्यता अधिक. धाग्याची टोके आगकाडीला गुंडाळून पक्की करावीत व खाली हलकी कागदी वाटी टांगावी. तीत चमच्याने थोडी थोडी वाळू घालीत जावे. धागा तुटताच वाटी व वाळू यांचे वजन करावे. टोकाशी तुटलेला धागा हिशेबात धरू नये. शेवटी दोन्ही गटांची सरासरी काढावी. मधल्या धाग्यांची सरासरी दुमडीतील धाग्यांच्या निम्म्याहून कमी भरली, तर घरगुती व्यवहारापुरते असे मानावे की, तो भाग ताण सोसण्याच्या कामाचा उरला नाही.

४. रफू, ठिगळ आणि दंड

दुरुस्तीचा मुख्य नियम असा की, ताण एका रेषेवर न पडता पसरला पाहिजे. रफूची सुरुवात भोकाच्या काठाशी न करता, त्याच्या पलीकडे धड कापडात निदान एक सेंटिमीटर अंतरावर करावी. टाक्यांच्या ओळी कमीजास्त लांबीच्या ठेवाव्यात. सर्व ओळी एकाच रेषेत संपल्या, तर कापड नेमके त्या रेषेत चिरते. ओळ वळविताना दोरा किंचित सैल सोडावा, म्हणजे धुतल्यावर आटला तरी चुणी पडत नाही. दोरा कापडातील सुताइतकाच जाड आणि मऊ असावा. जीर्ण सुती कापडावर पॉलिएस्टरचा चिवट दोरा वापरला, तर दोरा टिकतो, पण तोच कापड कापीत जातो.

ठिगळाचे कापड आधी धुऊन आटवून घ्यावे. कोरे कापड तसेच लावले, तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि भोवतालचे जुने कापड ओढून फाडते. ठिगळाचे उभे धागे कपड्याच्या उभ्या धाग्यांशी जुळवावेत व त्याचे कोपरे गोल करावेत. दुरुस्ती नेहमी धुण्यापूर्वी करावी. पाण्यात चोळल्याने लहान भोकही मोठे होते.

विरलेल्या कापडाला आपल्या घरांत एक नामी उपाय रूढ होता, तो म्हणजे दंड घालणे. लुगड्याचा किंवा धोतराचा विरलेला भाग कापून काढीत आणि राहिलेले चांगले भाग जोडून शिवीत. चादरीच्या बाबतीत ती मधोमध उभी कापून, दोन्ही काठ मध्ये आणून जोडता येतात. यात नवे कापड लागत नाही. झीज न सोसलेला भाग झिजेच्या जागी येतो व झिजलेला भाग कडेला जातो. कॉलर उलटवून शिवण्यामागेही हेच तत्त्व आहे.

५. केव्हा थांबावे?

आभाळच फाटले तर ठिगळ कोठे कोठे लावणार, असे आपण म्हणतो. कापडाच्या बाबतीत ही अवस्था ओळखण्याच्या खुणा निश्चित आहेत. रफूच्या लगत दुसऱ्यांदा फाटले. अंगठ्यांच्या परीक्षेत तीन-चार ठिकाणी धागे विलग झाले. किंवा ठिगळाला धड काठच मिळेना, म्हणजे तो कपडा म्हणून संपला असे समजावे. झोळीसारख्या, जिवाचा भार वाहणाऱ्या कामाचा नियम याहून कडक हवा. तेथे रफू केलेले, ठिगळ लावलेले, दंड घातलेले किंवा विरलेले कापड मुळीच वापरू नये, आणि धड कापडाचीही वरचेवर परीक्षा करावी.

कपडा संपला तरी कापड संपत नाही. ओढ न सोसणारे कापड थरांत मात्र उपयोगी पडते. महाराष्ट्रातील गोधडी व बंगालमधील कांथा यांत जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून सर्वत्र धावदोरा घातलेला असतो. त्यामुळे भार असंख्य टाक्यांत वाटला जातो आणि दुबळे थरही एकमेकांच्या आधाराने वर्षानुवर्षे टिकतात. लोकरीचे तंतू मोकळे करून पुन्हा कातता येतात. हरियाणातील पानिपत येथे जुन्या लोकरी कपड्यांपासून ब्लँकेटे विणण्याचा मोठा उद्योग उभा राहिला आहे. घरी बटणे व काठ काढून घ्यावेत आणि उरलेल्या सुती कापडाची फडकी, पायपुसणी करावीत. कृत्रिम धाग्याचे फडके मात्र चुलीवरचे पातेले उतरविण्यास घेऊ नये. ते उष्णतेने वितळून हाताला चिकटते.

सारांश, दुरुस्ती करावी ती धड कापडाची, आणि थरांचे काम द्यावे ते जीर्ण कापडाला. हा निवाडा सुई हाती घेण्यापूर्वी व्हावा.

अभ्यास

१. उसवणे, खोंब लागणे व विरणे यांची घरातील प्रत्येकी एक उदाहरणे शोधा. प्रत्येकास कोणती दुरुस्ती योग्य, ते सकारण लिहा.

२. धाग्याच्या प्रयोगात दहा धागे का घ्यावेत? एकच धागा घेतल्यास काय चूक संभवते?

३. तोच प्रयोग ओले धागे घेऊन करा व कोरड्या धाग्यांच्या सरासरीशी तुलना करा.