बहिरेपणावरचे तेल आणि कानाचा लहरीपणा

‘डॉक्टर, बाबांना परवा सगळं ऐकू येत होतं, आज हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. मुद्दाम करतात का हो?’ असे घरची मंडळी नेहमी विचारतात. मुद्दाम नव्हे. ज्याला कमी ऐकू येते त्याचा प्रत्येक दिवस सारखा जात नाही.

सर्दी झाली की नाकाच्या मागून कानाच्या पडद्यामागे जाणारी नळी बंद होते आणि कानाला दडे बसतात. अंघोळीचे पाणी शिरले की कानातला मळ फुगतो. जागरण झाले असेल तर थकलेल्या मेंदूला तुटक ऐकलेले शब्द जुळवता येत नाहीत. त्यात आपला खानदेशातला मे महिना! कूलरच्या घरघरीत ज्या आजोबांना एक शब्द कळत नाही, तेच आजोबा थंडीत शांत ओसरीवर समोरच्याच्या ओठांकडे पाहत तासभर गप्पा मारतात. कान तोच असतो, भोवतालचा गोंगाट वेगळा. मेनिएर नावाच्या विकारात मात्र ऐकणे खरोखरच कमी-जास्त होते. सोबत चक्कर येते, कानात आवाज येतो.

हा चढउतार तेल विकणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो. माणूस औषध केव्हा आणतो? अगदीच ऐकू येईनासे होते तेव्हा. आठवड्याने सर्दी ओसरते, दडे सुटतात आणि श्रेय बाटलीला मिळते. पुन्हा कमी ऐकू आले की ‘पथ्य मोडले’ म्हणून दोष रोग्याचा! बहिरेपण बरे करण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरी बाटल्या खपतातच.

आतल्या शंखाकृती कानात सुमारे १५ हजार संवेदनपेशी असतात. वयाने किंवा जिनिंगच्या, यंत्रमागाच्या खडखडाटाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. शाबूत पडद्यापलीकडे तेल जातच नाही. पडद्याला छिद्र असेल तर लसणाचे तेल आत उतरून कान फुटायला निमित्त होते.

म्हणून सगळेच बहिरेपण असाध्य, असेही नाही. मळ काढता येतो, पडद्याचे छिद्र शस्त्रक्रियेने बुजवता येते. आपले बहिरेपण कोणत्या जातीचे, हे ऑडिओमेट्रीच्या आलेखावरून कळते. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. मात्र दोन दिवसांच्या तपासणीत पाच डेसिबलचा फरक सहज पडतो. तेवढ्यावर कुणी ‘गुण आला’ म्हणाला तर हुरळून जाऊ नये. दाव्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आलेख मागावेत.

एक प्रकार मात्र थांबू देत नाही. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी एका कानाचे ऐकणे गेले, तर ‘सर्दी असेल’ म्हणून तेल घालत बसू नये. स्टिरॉइडच्या उपचाराला पहिले काही दिवसच मोलाचे, दोन आठवड्यांनंतर उपयोग घटत जातो. यातले काही रोगी उपचाराविना सुधारतात खरे, पण कोण सुधारेल हे आधी सांगता येत नाही. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे आणि मधुमेह असल्यास प्रथम सांगावे, कारण या औषधाने रक्तातली साखर वाढते.