नक्षीची वेळूकाठी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पठारावर दिवाळीत गोंडांचा दंडार नाच निघतो, तेव्हा मोरपिसांचा टोप घातलेल्या घुसाडी नर्तकाच्या हातात काठी असते. तीच काठी एरवी म्हाताऱ्याच्या हातात, गुराख्याच्या खांद्यावर दिसते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात हस्तिदंती आणि कोरीव मुठींच्या जुन्या छड्यांचं मोठं दालन आहे. १९५६ पर्यंत जिवतीसह हा राजुऱ्याचा मुलूख हैदराबादकडेच होता. त्या छड्यांचं कौतुक करावंच, पण वेळूच्या काठीची कारागिरी वेगळी आहे. इथे नक्षीसाठी साल कापायची नसते, कारण वेळूचा सगळा जोर त्या सालीतल्या दाट तंतूंत असतो. म्हणून ही नक्षी धुराने आणि आचेने उठवायची.

लागेल ते एवढंच: मानवेल बांबू, कोयता, पळसाच्या मुळांच्या ओल्या साली, चिकणमाती, जवसाचं तेल, मुठीसाठी तिवसाचा किंवा सागाचा तुकडा, पितळी नळीचा बोटभर तुकडा, थोडं तूस, सुई आणि लाकडाचा सरस.

बांबू निवडण्यात घाई नको. मानवेल जवळजवळ भरीव असतो, म्हणून काठीला तोच घ्यावा. कटांग जाड आणि पोकळ, तो घराच्या कामाचा. बेटाच्या आतला, तीन वर्षांच्या पुढचा वेळू निवडा. कोवळ्याच्या अंगावर टोपरं चिकटलेली असतात. जुन्याची साल टणक होते, तिच्यावर पांढुरके डाग येतात आणि ठोकल्यावर तो खणखणतो. जाडी अंगठ्याएवढी, म्हणजे साधारण एक इंच. तोड कार्तिकानंतर, थंडीत करावी. पावसाळ्यात बेटाला नवे कोंब येत असतात आणि वेळूत गोडवा भरलेला असतो. त्यालाच घुण लागतो. बांबू आपल्या बांधावरचा असेल तर २०१७ च्या कायदेबदलानंतर तोडीची परवानगी लागत नाही. जंगलातला असेल तर आधी ग्रामसभेत विचारा.

चार फुटांचा तुकडा काढा आणि वाहत्या नाल्यात दगडाखाली तीन आठवडे बुडवून ठेवा. पाण्याबरोबर आतला पिठूळ अंश निघून जातो. पठारावरचे नाले उन्हाळ्यापर्यंत टिकत नाहीत, म्हणूनही थंडीतली तोड सोयीची. मग सावलीत, उभा टेकवून महिनाभर वाळवा. मी एकदा उतावळेपणाने उन्हात टाकला आणि तिसऱ्या दिवशी तो गाठीपासून गाठीपर्यंत चिरला. ती चीर कशानेही सांधत नाही.

वाळत आलेल्या काठीला वाक असेल तर तेवढ्याच जागी तेलाचा हात फिरवून ती निखाऱ्यांवर फिरवत राहा. साल घामेजली की झाडाच्या दुबेळक्यात अडकवून हळूहळू उलट दाबा आणि ओल्या फडक्याने गार होईपर्यंत धरा. एखादं कांडं पोकळ निघालं तर आतली हवा तापून ते फुटू शकतं, म्हणून चेहरा लांब ठेवा.

आता नक्षी. पळसाच्या मुळाची साल बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत सोला आणि रात्रभर भिजवा. काठीभोवती नागमोडी गुंडाळताना दोन वेढ्यांत बोटभर अंतर सोडा. पट्टीच्या कडा ओल्या मातीने दाबून बंद करा. ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण जिथे माती सुटते तिथून धूर शिरतो आणि रेघ पुसट होते. धगीवर थोडं ओलं तूस टाकून काठी एका लयीत फिरवा. उघडी साल पिवळट, मग तपकिरी, मग काळसर होते. काळी होण्याआधीच थांबा. कोळसा झालेला भाग पुढे सोलून निघतो. गार झाल्यावर पट्ट्या सोडल्या की खाली फिक्या रंगाचा वेढा निघतो. चौकटी हव्या असतील तर दुसरा वेढा उलट दिशेने देऊन पुन्हा धुरी द्यावी. बारीक ठिपके, मोर, पानं तापल्या सुईने डागावीत, तेही फक्त सालीवर.

मुठीत भोक पाडताना ते काठीच्या जाडीचं पाडा. काठी तासून भोकात बसवू नका. दीड इंच खोल, लाकडाचा सरस, आणि मुठीतून आरपार बांबूची बारीक खुंटी. तिवस चिवट असतो, औतांना तो त्यासाठीच वापरतात.

लांबी शेवटी ठरवायची. ज्याची काठी, त्याने रोजच्या चपला घालून सरळ उभं राहावं, हात सैल सोडावेत. मुठीचा माथा मनगटाच्या घडीला आला पाहिजे. जास्तीची लांबी खालून कापा, जमेल तर गाठीच्या लगेच खाली, म्हणजे टोक बंद राहतं. मग पितळी नळीची शेंबी किंचित तापवून बसवा, गार होताना ती आवळते. फरशीवर चालायचं असेल तर तिच्यावर रबरी टोपी हवीच.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. मोहाचं तेल घरात असतं, पण ते वाळत नाही, हाताला चिकटतं. जवसाचं पातळ लावून पुरतं वाळू द्या, असे तीन हात. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. ती उघडी पसरून वाळवा.