तृष्णा आणि तहान
(ऐहिक वासनेविषयीं बौद्ध व ख्रिस्ती शिकवण)



आपण जिला तहान म्हणतों, त्याच शब्दाचें संस्कृत रूप तृष्णा व पाली रूप तण्हा होय. गौतम बुद्धांनीं मनुष्याच्या दुःखाचें कारण सांगतांना हाच शब्द योजिला. आणि आपल्या प्रभूनेंही सूखार गांवच्या विहिरीपाशीं एका शोमरोनी स्त्रीला मनाच्या तहानेविषयींच शिकविलें. ह्या दोन शिकवणींत साम्य किती व भेद कोणता, हें प्रस्तुत पाठांत पाहावयाचें आहे. वाचकांनीं प्रथम योहान ४:५-१५, लूक १२:१३-२१ व याकोब १:१३-१५ हे उतारे वाचून घ्यावे.

हा विषय केवळ पंडितांचा नव्हे. सन १९५६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ व्या तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं नागपूर येथें आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. आज महाराष्ट्रांतील अनेक खेड्यांत बौद्ध व ख्रिस्ती कुटुंबें शेजारीं शेजारीं राहतात. कित्येक ठिकाणीं त्यांचें नातेंगोतेंही आहे. शेजाऱ्याविषयीं खोटी साक्ष देण्याची मनाई करणारी नववी आज्ञा त्याच्या धर्माविषयीं बोलतांनाही लागू आहे, हें आपण विसरूं नये.

बुद्धांची शिकवण

बोधि प्राप्त झाल्यावर गौतम बुद्धांनीं काशीजवळील इसिपतनांत, म्हणजे आजच्या सारनाथ येथें, पांच तपस्व्यांना पहिला उपदेश केला. त्यांत त्यांनीं चार सत्यें सांगितलीं: दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध होऊं शकतो, आणि त्या निरोधाकडे नेणारा अष्टांगिक मार्ग आहे. दुःखाचें कारण तृष्णा. ती तीन प्रकारची: विषयोपभोगाची, पुन्हां पुन्हां अस्तित्वांत राहण्याची, आणि नाहींसें होऊन जाण्याची. ह्यांतील तिसरी विशेष लक्षांत ठेवावी. जीवनाला कंटाळून नष्ट होऊं पाहणें हीही तृष्णाच, असें बुद्ध सांगतात. म्हणून त्यांचा धर्म निराशेचा आहे असें म्हणणें न्यायाचें नाहीं. देहाला छळणेंही त्यांनीं वर्ज्य ठरविलें. कारण त्यापासून शांति मिळत नाहीं हें त्यांनीं स्वतः अनुभवून पाहिलें होतें.

आपले कांहीं उपदेशक असा आक्षेप घेतात कीं, इच्छा सोडण्याची इच्छा हीही इच्छाच. मग ही शिकवण स्वतःलाच खोडून काढते. हा आक्षेप नवा नाहीं. उण्णाभ नांवाच्या ब्राह्मणानें कौशांबी येथील घोषितारामांत बुद्धांचे शिष्य आनंद ह्यांस हाच प्रश्न केला, असें पाली ग्रंथांत आहे. आनंदांनीं त्यालाच विचारिलें कीं, ह्या आरामांत येण्याची इच्छा तुला आधीं होती ना, आणि येथें पोहोंचल्यावर ती शमली ना? त्यानें होकार दिला. तद्वत् मुक्तीची इच्छा मुक्ति मिळतांच शमते, असें आनंदांच्या उत्तराचें तात्पर्य आहे. ह्या इच्छेला पालींत 'छंद' म्हणतात. तो चांगल्या गोष्टीचाही असूं शकतो. सारांश, बौद्ध शिकवण मनुष्याला दगड व्हावयास सांगत नाहीं. मैत्री व करुणा ह्यांची भावना करावयासही ती शिकविते.

ख्रिस्ती शिकवण

पवित्र शास्त्रही वासनेचा विचार तितक्याच गंभीरपणें करितें. दहावी आज्ञा हाताच्या कृत्याविषयीं नसून मनांतील लोभाविषयीं आहे. याकोब तर वासनेला पापाची आई व मरणाची आजी ठरवितो. त्या ठिकाणीं मूळ ग्रीक भाषेंत 'एपिथुमिया' हा शब्द आहे. परंतु लूक २२:१५ येथें शिष्यांबरोबर वल्हांडणाचें भोजन करण्याची आपली उत्कट इच्छा प्रभु बोलून दाखवितो, तेथेंही हाच शब्द आहे. आणि फिलिप्पै १:२३ येथें ख्रिस्ताजवळ जाण्याच्या पौलाच्या इच्छेलाही हाच. म्हणजे इच्छा ही स्वतः वाईट नाहीं. ती कशाला बिलगते हा खरा प्रश्न आहे.

लूकाच्या बाराव्या अध्यायांतील श्रीमंत शेतकरी पाहा. पीक भरघोस आलें हें त्याचें पाप नव्हे. पण धान्य कोठें ठेवावें ह्या विचारांत त्याला कोठार तेवढें सुचलें, भुकेला शेजारी सुचला नाहीं. देणगीनें देणाऱ्याची जागा घेतली म्हणजे इच्छेचा लोभ होतो. म्हणूनच पौल लोभाला मूर्तिपूजा म्हणतो (कलस्सै ३:५).

साम्य व भेद

वस्तु मिळाल्यानें हांव मिटत नाहीं, हें दोन्ही धर्म सांगतात. नाण्यांचा पाऊस पडला तरी वासनेची तृप्ति होत नाहीं, असा धम्मपदाचा अभिप्राय आहे. उपदेशक ५:१० येथें धनलोभ्याविषयीं तेंच सांगितलें आहे. येथवर आपण व आपला बौद्ध शेजारी एकाच वाटेनें चालतों.

पुढें वाट फुटते. पहिला भेद उपायाचा. बुद्ध मार्ग दाखवितात, चालणें मात्र ज्याचें त्यानें. शील, समाधि व प्रज्ञा ह्यांच्या साधनेनें तृष्णेचें मूळ उपटावयाचें. पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायांत कबूल करितो कीं, लोभाची मनाई कळल्यावर लोभ कमी न होतां अधिकच चाळवला. त्याला नियम माहीत होता. हवा होता तो सोडविणारा, आणि तो त्याला ख्रिस्तांत मिळाला.

दुसरा भेद शेवटाचा. आनंदांच्या उत्तराप्रमाणें मुक्कामीं पोहोंचल्यावर इच्छा शमते. ख्रिस्ताच्या शिकवणींत देवाजवळ पोहोंचलेली इच्छा तृप्त होते, पण विझत नाहीं. ती प्रीति म्हणून राहते. वाटसरू गांवीं पोहोंचला म्हणजे त्याची चालण्याची इच्छा सरते. परंतु आईच्या कुशींत शिरलेल्या लेंकराची आईविषयींची ओढ सरत नाहीं. आणि ज्यानें शोमरोनी स्त्रीला जिवंत पाणी देऊं केलें, तोच वधस्तंभावर तहानेनें व्याकुळ झाला (योहान १९:२८). आपली तहान भागविण्यासाठीं त्यानें स्वतः तहान सोसली, हें आपल्या सुवार्तेचें मर्म आहे.

आपणांस बोध

हें शेजाऱ्यास सांगण्याचा अधिकार आपणांस कशानें येईल? आपली प्रार्थना पीक, नोकरी व कोर्टांतील खटला एवढ्यावरच संपत असेल, तर ख्रिस्ती लोक आपल्या तृष्णेलाच देवाचें नांव देतात असें त्याला वाटल्यास दोष कोणाचा? याकोब ४:३ हें वचन आपणांसच उद्देशून आहे. दागिने, मांडव व जेवणावळी ह्यांपायीं लग्नांत कर्ज काढणारें घर, तें बौद्ध असो कीं ख्रिस्ती, एकाच खोड्यांत अडकतें. मागणें हें पाप नव्हे. रोजची भाकर मागण्यास प्रभूनेंच शिकविलें. पण ती प्रार्थना आधीं देवाचें नांव, राज्य व इच्छा ह्यांकडे पाहते, मग भाकरीकडे येते. आणि ती भाकर 'माझी' न म्हणतां 'आमची' म्हणून मागते. हा क्रम ज्याच्या घरांत रुजला, त्याच्या वासनेला लगाम बसला.

मंडळींत चर्चेसाठीं प्रश्न

१. तृष्णेचे तीन प्रकार कोणते? त्यांपैकीं कोणता आपल्या मनांत अधिक आढळतो?
२. श्रीमंत शेतकऱ्याचें पाप नेमकें कशांत होतें?
३. गेल्या आठवड्यांत आपण देवाजवळ स्वतःसाठीं काय मागितलें, आणि शेजाऱ्यासाठीं काय?