वाकडी साखळी, तोच रेणू

प्रश्न : ब्यूटेनची साखळी वाकडी काढली की वेगळा आयसोमर होतो का? प्रकार ओळखताना फार गोंधळ उडतो.
– बारावीची विद्यार्थिनी, वणी (ता. दिंडोरी)

उत्तर : नाही. साखळी वाकवून जोडणी बदलत नाही; नाव ब्यूटेनच येतं. घाबरू नकोस, क्रम धर. रेणुसूत्र सारखं असेल तर आधी क्रियात्मक गट बघ: इथेनॉल आणि डायमिथिल ईथर इथेच वेगळे पडतात. मग साखळी, मग गटाची जागा. जोडणीही तीच असेल तर अवकाशातली मांडणी तपास. तुमच्या द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक लुई पाश्चरने १८४८ मध्ये चिमट्याने निवडले होते. एक सावधगिरी: दोन कायरल कार्बन म्हणजे चार आयसोमर, असं धरू नकोस. टार्टारिक आम्लाचे तीनच आहेत, कारण मेसो रूप आणि त्याची आरशातली प्रतिमा एकच.